दीडशे केसेस, दीडशे कंट्रोल्स : मधुमेहाच्या जनुकांचा अभ्यास भरवशाचा कसा करायचा?

पारिजातक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा काढायची ही पहिलीच वेळ. सांभाळून घ्या.

पुण्यात पीएचडीला नोंदणी झाली आहे. विषय ढोबळ ठरलाय: टाइप २ मधुमेह आणि पाच जनुकांतले पाच स्निप (डीएनएतल्या एकेका अक्षराचे फरक). आराखडा असा की ओपीडीतले १५० मधुमेही (केसेस) आणि १५० निरोगी लोक (कंट्रोल्स) घ्यायचे, रक्तातून डीएनए काढायचा, पीसीआर करून (हव्या भागाच्या प्रती वाढवून) एन्झाइमने तुकडे पाडायचे, जेलवर जीनोटाइप (कोणाकडे स्निपची कोणती रूपं आहेत ते) वाचायचा आणि काय-स्क्वेअर ही संख्याशास्त्रीय चाचणी लावायची. पी (असा फरक निव्वळ योगायोगाने दिसायची शक्यता) ०.०५ च्या खाली आला की पेपर. विभागातले आधीचे प्रबंध याच साच्यातले आहेत.

संदर्भ वाचायला बसले आणि धीर सुटला. एकाच स्निपबद्दल एक पेपर म्हणतो जोखीम वाढते, दुसरा म्हणतो घटते, तिसऱ्याला काहीच सापडत नाही. आणि प्रत्येकाच्या शेवटी 'आणखी अभ्यासाची गरज आहे'!

एथिक्स कमिटीपुढे आराखडा अजून जायचाय, म्हणजे बदलाला वाव आहे. दोन प्रश्न. इतक्या सॅम्पलमधून अर्थाचं काही निघेल का? आणि कंट्रोल म्हणून कोणाला घ्यावं? सरांचं म्हणणं, कॉलेजचे विद्यार्थी आणि रक्तदान शिबिरातले लोक सोपे पडतात.

आकडेमोड

रक्त काढायच्या आधी विचारताय, यातच निम्मी लढाई जिंकलीत. माझ्याकडे लोक एक्सेल शीट घेऊन येतात आणि म्हणतात, "यातून काहीतरी सिग्निफिकंट काढून द्या." तेव्हा उशीर झालेला असतो.

आधी आकडे बघू. सर्वसाधारण आजारांत एकेका व्हेरियंटचा (जनुकातल्या बदलाचा) परिणाम अगदी किरकोळ असतो. ऑड्स रेशो (जोखीम साधारण किती पट) १.१, १.२, फार तर १.४. समजा तुमच्या स्निपचा खरा ऑड्स रेशो १.२ आहे आणि जोखमीचं अलील (स्निपचं जोखमीचं रूप) ३० टक्के आहे. ०.०५ च्या पातळीवर ८० टक्के पॉवर हवी तर साधारण ११०० केसेस आणि तितकेच कंट्रोल्स लागतात. १५०-१५० मध्ये पॉवर २० टक्क्यांच्याही खाली जाते. म्हणजे संबंध खरोखर असूनही पाचांतल्या चार वेळा तो तुमच्या हाती लागणार नाही.

खरी मेख पुढे आहे. इतक्या सॅम्पलमध्ये पी ०.०५ खाली यायला तुमच्या डेटात ऑड्स रेशो १.४ च्या वर दिसावाच लागतो. खरा आकडा १.२, पण पेपरात छापून येणार १.४ किंवा १.६. अतिशयोक्ती झाल्याशिवाय निकाल दाराबाहेरच पडत नाही. मग पुढचा संशोधक तुमच्या १.६ वर भरवसा ठेवून सॅम्पल ठरवतो, त्याला काही सापडत नाही आणि तुम्ही म्हणता तसा गोंधळ होतो.

आता उलटी बाजू. लोकांनी अंदाजाने निवडलेल्या १००० स्निपपैकी १० खरे आहेत असं धरा, आणि तेही उदारपणे. १८ टक्के पॉवरने त्यातले दोनेक सापडतील. उरलेल्या ९९० पैकी ०.०५ च्या नियमाने पन्नासेक निव्वळ योगायोगाने 'सिग्निफिकंट' येतील. बावन्न पेपर, त्यातले पन्नास खोटे. कोणी लबाडी केलेली नसताना!

हे कागदावरचं गणित नाही. २००२ मध्ये एका आढाव्यात ६०० हून जास्त संबंध तपासले गेले. त्यातल्या १६६ संबंधांवर तीन किंवा जास्त अभ्यास झाले होते. सातत्याने टिकले किती? ६.

नाठाळ

म्हणजे टॉस उडवून पीएचडी. कृपया हलके घ्या.

आकडेमोड

@नाठाळ, हसताय खरं, पण तेच म्हणायचंय. मधुमेहाचा सगळ्यात दणकट सर्वसाधारण व्हेरियंट टीसीएफ७एल२ या जनुकात आहे, ऑड्स रेशो १.४ च्या आसपास. आइसलँडच्या डिकोड या जनुक-संशोधन कंपनीने तो २००६ मध्ये जाहीर केला, आणि पुढच्याच वर्षी पुण्यातल्या रुग्णांच्या नमुन्यांवर हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या गटाने तोच संबंध दाखवला. जगभर टिकलेली गोष्ट आहे ही. आणि १५०-१५० मध्ये तीसुद्धा दिसायची शक्यता पन्नास टक्के!

मु.पो. बोस्टन

आकडेमोड काकांना +१. पण सॅम्पल छोटं असलं की सगळं रद्दी, असंही नाही. २००५ मध्ये उतारवयातल्या मॅक्युलर डिजनरेशनवर (डोळ्याच्या पडद्याच्या आजारावर) एक अभ्यास झाला. केसेस ९६, कंट्रोल्स फक्त ५०, आणि कॉम्प्लिमेंट फॅक्टर एच हे जनुक सापडलं. ते आजही टिकून आहे. कारण परिणाम राक्षसी होता. दोन्ही प्रती जोखमीच्या असतील तर धोका कित्येक पट. गंमत म्हणजे त्या यशाने अनेकांना वाटलं की सगळे आजार असेच शंभरेक लोकांत उलगडतील.

ते भूत उतरवलं २००७ च्या, ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टच्या अभ्यासाने. सात आजार, प्रत्येकी सुमारे २००० केसेस, सगळ्यांना मिळून ३००० सामायिक कंट्रोल्स. क्रोन्स (आतड्यांचा आजार), टाइप १ मधुमेह वगैरेंत भरघोस संकेत मिळाले. उच्च रक्तदाबात त्यांनी ठरवलेल्या कसोटीवर एकही नाही. २००० रुग्ण असून शून्य! रक्तदाबाची जनुकं पुढे शेकड्यांनी सापडली, पण त्यासाठी लाखो लोक लागले. एकेकाचा परिणाम तितका बारीक.

आणि जीवॉसमध्ये (अख्ख्या जीनोमभर स्निप तपासणाऱ्या अभ्यासांत) ०.०५ ची उधळमाधळ चालत नाही. संपूर्ण जीनोमभर सुमारे दहा लाख स्वतंत्र चाचण्या होतात असं धरून पीची मर्यादा ०.०००००००५ ठेवतात. म्हणजे दोन कोटींत एक. वर दुसऱ्या, वेगळ्या लोकांत तेच अलील त्याच दिशेने दिसलं पाहिजे. त्याच जनुकातला शेजारचा स्निप आला आणि 'आम्ही रेप्लिकेट केलं' म्हणून टाळ्या पिटल्या, हे चालत नाही. या दोन नियमांनी या क्षेत्राची अब्रू वाचवली.

कॅन्डिडेट जीनवाल्यांची (अंदाजाने आधीच जनुक निवडून तपासणाऱ्यांची) ती वाचली नाही. नैराश्यासाठी गाजलेली १८ जनुकं २०१९ मध्ये लाखो लोकांच्या डेटात तपासली, तर चिठ्ठ्या टाकून काढलेल्या जनुकांपेक्षा ती सरस ठरली नाहीत. त्यावर हजारेक पेपर लिहिले गेले होते.

जाई

धागा माहितीपूर्ण आहे, वाचनखूण साठवली. मी कॉमर्सवाली, त्यामुळे बाळबोध प्रश्न. लोक भरपूर घेतले की काम झालं ना? मग कंट्रोल कोण यावर एवढी चर्चा कशाला?

आकडेमोड

जाई ताई, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. खरं तर याच्यावरच सगळं अडतं. संख्या वाढवून योगायोग कमी होतो, पक्षपात कमी होत नाही. तराजूचं पारडंच वाकडं असेल तर शंभर वेळा तोलून वजन बरोबर येत नाही, उलट चुकीच्या वजनाबद्दल खात्री वाढते.

उदाहरण घ्या. अमेरिकेत ॲरिझोनात गिला नदीकाठी पिमा आणि त्यांच्या नात्यातले लोक राहतात. मधुमेहाचं प्रमाण तिथे भयंकर. १९८८ मध्ये तिथल्या ४९२० लोकांत अँटिबॉडीशी संबंधित एक जनुकीय खूण तपासली. खूण असलेल्यांत मधुमेह ८ टक्के, नसलेल्यांत २९ टक्के. कोणीही म्हणेल, मधुमेहापासून वाचवणारं जनुक मिळालं! पण ती खूण मुळात युरोपीय पूर्वजांकडून आलेली. ज्याच्याकडे ती आहे त्याचे पणजोबा-खापरपणजोबा बहुधा गोरे, आणि तितक्या अंशाने मधुमेहाचा धोका कमी. प्रत्येकाचा मूळ वंश किती अंशाने आहे ते पाहून तुलना केल्यावर संबंध जवळजवळ नाहीसा झाला. जवळपास पाच हजार माणसं होती, संख्या कमी नव्हती.

दुसरं उदाहरण याहून बोलकं. २००५ मध्ये युरोपीय वंशाच्या अमेरिकनांत दूध पचवायच्या लॅक्टेज जनुकाचा उंचीशी जोरदार संबंध दिसला. दूध प्यायल्याने उंची वाढते असं म्हणायला जाहिरातवाले टपलेलेच असतात. पण उत्तर युरोपातले लोक उंचही असतात आणि त्यांच्यात ते व्हेरियंटही जास्त, दक्षिणेकडे दोन्ही कमी. आजीआजोबा कुठले हे पाहून जोड्या लावल्या आणि संबंध विरला. नुसतं 'सगळे गोरे' म्हणून भागलं नाही.

भारतातही हे व्हेरियंट वायव्येकडे भरपूर आणि दक्षिण-पूर्वेकडे जाताना कमी होत जातं. आता पारिजातक यांच्या सरांची कल्पना पाहा. केसेस कोण, तर ओपीडीतले पुणे-सातारा-नगरकडचे लोक. कंट्रोल्स कोण, तर देशभरातून आलेले विद्यार्थी. यात जो फरक सापडेल तो मधुमेहाचा की मूळगावाचा?

कोकणकडा

मी दवाखान्यात बसणारा माणूस, त्या बाजूने लिहितो.

विद्यार्थी कंट्रोल म्हणून घेणं मला दुसऱ्याच कारणाने खटकतं. बावीस वर्षांचा मुलगा आज निरोगी आहे, पंचेचाळिशीत त्याला मधुमेह होणार नाही कशावरून? आपल्या शहरांत तर शक्यता दांडगी. केसेसपेक्षा कंट्रोल वयाने थोडे मोठेच असावेत, साठीला येऊनही साखर नॉर्मल असलेले. तसा माणूस जनुकांबद्दल जास्त सांगून जातो.

'मला शुगर नाही' या तोंडी उत्तरावर जाऊ नका. निम्म्या लोकांनी कधी तपासलेलंच नसतं. ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांची तपासणी करा. नुसत्या एचबीए१सीवर (तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीवर) विसंबू नका. लोहाच्या कमतरतेने तो खोटा वाढतो, आणि आपल्याकडच्या बायकांत ती किती आहे हे सांगायला नको.

केसेसचीही गाळणी लावा. ओपीडीत 'मधुमेह' या एका पाटीखाली काय काय येतं: उशिरा सुरू झालेला ऑटोइम्यून मधुमेह, एकाच जनुकाचा मोडी, स्वादुपिंडाला सूज येऊन झालेला, स्टेरॉइडने झालेला. निदानाचं वय, पहिल्या वर्षात इन्सुलिन लागलं का, शक्य तिथे गॅड अँटिबॉडी (ऑटोइम्यून मधुमेहाची खूण), एवढं तरी नोंदवा. पाच आजारांची भेळ करून जनुक शोधायचं म्हणजे आधीच बारीक असलेला परिणाम आणखी पातळ करायचा.

बीएमआयबद्दल एक. पुण्याचे मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा २००४ मधला तो फोटो अनेकांनी पाहिला असेल. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बीएमआय 'ॲडजस्ट' केला म्हणजे लठ्ठपणाचा हिशोब मिटला, असं आपल्याकडे समजू नये. एफटीओ जनुकाचंच बघा. युरोपात त्याचा मधुमेहाशी संबंध वजनातून येतो, बीएमआय हिशोबात धरला की उरत नाही. पुण्यात २००९ मध्ये तपासला, तर बीएमआय धरूनही तो पूर्ण गेला नाही. कमरेचा घेर तरी मोजाच. टेप लागते, अनुदान लागत नाही.

पारिजातक

बापरे, इतकं सविस्तर! सगळ्यांचे आभार. मूळगावाचं कळलं, पण मग फॉर्मवर जात विचारायची का? कमिटीत कोणीतरी भुवया उंचावणार. आणि विचारताना मलाच अवघडल्यासारखं होईल.

नाठाळ

आली जात! मी पॉपकॉर्न घेऊन बसतो. विनोद बाजूला, पण विज्ञानाच्या नावाखाली पुन्हा कप्पे पाडायचे का? उद्या कोणी 'अमक्यांचं जनुक, तमक्यांचं जनुक' म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवेल.

मु.पो. बोस्टन

@नाठाळ, फिरवणारे फिरवतातच. पण कप्पे आपण पाडत नाही, ते लग्नांनी पाडलेत. २०१७ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ गटांपैकी ८१ गटांत संस्थापक परिणाम (मोजक्या पूर्वजांपासून अख्खा गट वाढल्याची जनुकीय खूण) फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र निघाला. त्यातले काही गट दहा लाखांहून मोठे आहेत. शेकडो वर्षं आपापसांतच सोयरीक केल्याचा हा ठसा आहे. यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही. एकेका गटात काही व्हेरियंट निव्वळ योगायोगाने वाढले, काही गळाले. केसेसमध्ये एक गट जास्त आणि कंट्रोल्समध्ये दुसरा असं झालं, की मधुमेहाशी काडीचा संबंध नसलेले स्निपही 'सिग्निफिकंट' दिसतील.

मोठ्या अभ्यासांत हे जनुकीय चिपवरच्या लाखो स्निपमधून प्रिन्सिपल कंपोनंट (वंशातला फरक दाखवणारे आकडे) काढून दुरुस्त करतात. पारिजातक यांच्याकडे पाचच स्निप आहेत, त्यातून काही दुरुस्त होणार नाही. त्यामुळे त्यांच्यापुढे मार्ग एकच, सुरुवातीलाच जोड्या नीट लावायच्या.

आकडेमोड

जातीचा रकाना न ठेवताही बरंच साधतं. मातृभाषा, आणि चारही आजीआजोबांचं मूळगाव आणि तालुका विचारा. समाजाचं नाव ऐच्छिक ठेवा, आणि का विचारतोय ते संमतिपत्रात साध्या मराठीत लिहा. लोक सहसा सांगतात; कारण न सांगता विचारलं की बिथरतात.

त्याहून सोपी युक्ती म्हणजे कंट्रोल्स केसेसच्याच परिसरातून घ्या. त्याच ओपीडीत गुडघेदुखी, मोतीबिंदू, दाढ दुखतेय म्हणून आलेले वयस्क. त्याच बसने आलेले. मधुमेह ज्यांच्यात जास्त आढळतो असे आजार मात्र टाळा, म्हणजे हृदयरोग, किडनी वगैरे. मोतीबिंदूही लवकर आलेला असेल तर नकोच.

नातेवाइकांवरही लक्ष ठेवा. आपल्याकडे मामेबहीण-आतेभावाची लग्नं आहेत, आणि एकाच घरातले तिघे एकाच ओपीडीला येतात. तिघांना तीन स्वतंत्र केसेस धरलं तर पी उगाच लहान येतो.

जाई

जाता जाता, भाच्याने ते थुंकी पाठवून जोखीम सांगणारं किट मागवलंय. त्यात 'मधुमेहाचा धोका सरासरीपेक्षा कमी' आलं म्हणून रोज श्रीखंड चाललंय. खरं धरायचं का?

मु.पो. बोस्टन

श्रीखंड थांबवा, हाय काय नाय काय. तो स्कोअर बहुधा युरोपीय लोकांवर बेतलेला असतो. २०१९ च्या एका हिशोबात जीवॉसमधले सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. आपल्यावर तो स्कोअर कमी अचूक चालतो. आता जीनोम इंडियासारख्या प्रकल्पात सुमारे दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचले गेलेत, पण ती वारंवारतेची नोंद आहे. आजाराचा संबंध शोधायला नीट तपासलेल्या केसेस आणि कंट्रोल्स लागतातच.

प्रयोगशाळेतली माऊ

उशिरा आले. सगळे डिझाइनवर बोलताहेत, प्रयोगशाळेच्या बाकवर काय होतं ते कोणी सांगेना.

बहुतेक ठिकाणी केसेसचं रक्त आधी जमतं म्हणून केसेसचे जेल आधी चालतात, आणि कंट्रोल्सचे चार महिन्यांनी, नव्या एन्झाइमवर, कधी नव्या माणसाकडून. एन्झाइमने अर्धवट कापलं की न कापलेला पट्टा मागे राहतो आणि होमोझायगोट (दोन्ही प्रती सारख्या) असलेला हेटरोझायगोट (दोन प्रती वेगळ्या) दिसतो. हे फक्त एका गटात झालं की जनुकीय फरक 'सापडला'!

मोठ्या लोकांचंही असं होतं. २०१० मध्ये शंभरी गाठलेल्यांच्या जनुकांवरचा पेपर 'सायन्स'मध्ये आला. १५० व्हेरियंटवरून ७७ टक्के अचूकतेने दीर्घायुष्य ओळखता येतं असा दावा, जगभर मथळे. पण शतायुषींचे काही नमुने वेगळ्या चिपवर तपासले होते आणि ती चिप काही स्निप चुकीचे वाचत होती. २०११ मध्ये पेपर मागे घेतला.

म्हणून नमुन्यांना नुसते क्रमांक द्या; जेल वाचणाऱ्याला केस कोण, कंट्रोल कोण हे कळता कामा नये. दहाएक टक्के नमुने दुबार चालवा. कंट्रोल्समध्ये हार्डी-वाइनबर्ग (जीनोटाइपचं अपेक्षित प्रमाण) तपासा. तिथे जीनोटाइपचं प्रमाण बिघडलेलं दिसलं तर निसर्गाला दोष देण्याआधी आपल्या जेलवर संशय घ्या. काही नमुने सिक्वेन्सिंगने पडताळून घ्या.

पारिजातक

सरांशी बोलले. सुरुवातीला "एवढं कोण करतं" झालं, मग पॉवरचा आकडा दाखवल्यावर जरा गंभीर झाले. सध्याचा विचार: पाच जनुकांऐवजी फक्त टीसीएफ७एल२ आणि एफटीओ. केसेस वाढवायला शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजशी बोलणी, दोन्हीकडे फॉर्म आणि तपासण्या अगदी सारख्या. नवीन जनुक शोधल्याचा आव आणायचा नाही. ग्लुकोज दिल्यावर इन्सुलिन किती स्रवतं ते मोजायचं, म्हणजे नुसतं 'मधुमेह आहे/नाही' यापेक्षा जास्त माहिती मिळेल. चालेल?

मु.पो. बोस्टन

स्पष्टच सांगतो, मी तुमच्या जागी असतो तर ओलं काम (प्रयोगशाळेतलं) सोडून उपलब्ध डेटावर विश्लेषण केलं असतं. दोन स्निपच्या आणखी एका अभ्यासाने जगाच्या ज्ञानात भर पडत नाही.

आकडेमोड

असहमत. उपलब्ध डेटात ग्रामीण महाराष्ट्रातले, ग्लुकोज देऊन तपासलेले लोक किती आहेत? नीट मोजलेले ५०० लोक पुढे दहा ठिकाणच्या ५००-५०० मध्ये मिसळता येतात. त्यासाठी संमतिपत्रात आत्ताच दोन गोष्टी हव्यात: डीएनए पुढच्या संशोधनासाठी साठवायची परवानगी, आणि ओळख काढून टाकलेला डेटा इतरांना द्यायची परवानगी. नंतर ५०० घरी जाऊन सह्या घेता येत नाहीत. नमुने परदेशी पाठवायचे झाले तर आयसीएमआरची वेगळी मंजुरी लागते, तेही ध्यानात असू द्या.

इन्सुलिनचा मुद्दा चांगला आहे, पण तो मधुमेह नसलेल्यांतच मोजा. केसेसमध्ये आजार आणि औषधं दोन्ही आकड्यात घुसतात. आणि मुख्य चाचणी कोणती, कोणत्या मॉडेलने, हे पहिला जेल चालायच्या आधी लिहून तारीख टाकून कमिटीकडे द्या. नाहीतर ॲडिटिव्ह (प्रत्येक प्रतीगणिक जोखीम वाढते) जमेना म्हणून डॉमिनंट (एक प्रतही पुरते), तेही जमेना म्हणून फक्त बायका, मग फक्त चाळिशीखालच्या बायका. मला हे शेवटचं टोक प्रत्यक्ष आणून दाखवलेलं आहे.

नाठाळ

"चाळिशीखालच्या, श्रीखंड खाणाऱ्या बायका." पी ०.०४९.

पारिजातक

😄 शेवटचा प्रश्न माऊताईंना. पीसीआर ९६ खाचांच्या प्लेटवर करणार आहोत. वाटणी कशी करू?

प्रयोगशाळेतली माऊ

४४ केसेस, ४४ कंट्रोल्स, ६ दुबार, २ नुसतं पाणी. केसेस डावीकडे आणि कंट्रोल्स उजवीकडे असं मात्र करू नका, कडेच्या खाचा लवकर वाळतात. जागा संगणकाला यादृच्छिक पाडायला सांगा, आणि ती यादी जेल वाचणाऱ्याच्या हाती लागू देऊ नका. पाण्याच्या खाचेत पट्टा दिसला तर अख्खी प्लेट पुन्हा. रडू येतं, पण पुन्हाच.